ससा खात नसेल तर आधी पोटाला हात लावा, सिरिंज नंतर

डोंबिवलीत माझं औषधांचं दुकान आहे आणि घरी भुऱ्या आणि ठकी असे दोन ससे आहेत. ही दुसरी गोष्ट गल्लीभर ठाऊक असल्यामुळे डोकेदुखीची गोळी न्यायला आलेला माणूसही जाता जाता विचारतो, "ताई, आमचा ससा कालपासून खात नाहीये, काय भरवू?" तोवर त्याची नजर ग्राइप वॉटरच्या बाटलीवर गेलेलीच असते. ती बाटली मी काढत नाही. माझा पहिला प्रश्न असतो, शेवटच्या लेंड्या कधी पडल्या?

मी फार्मसिस्ट आहे, पशुवैद्य नाही. त्यामुळे पुढचं सगळं डॉक्टरकडे पोचेपर्यंत आणि तिथून आल्यावर घरी काय करायचं याबद्दल आहे.

कुत्रा एक वेळ जेवला नाही तर आपण म्हणतो, असू दे, लंघन झालं. सशाला लंघन सोसत नाही. त्याचं पोट कायम चालू राहण्यासाठीच बनलेलं आहे. गवताचे धागे आतडी ढकलत राहतात, अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून त्याला ताकद मिळते. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, आतला माल कोरडा पडतो, वायू धरतो, पोट दुखू लागतं. दुखतंय म्हणून तो आणखी खात नाही. उलटी करून मोकळं होण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेलीच नाही. उपाशी शरीर मग साठलेली चरबी वापरायला काढतं आणि ती यकृतावर चढते. गुबगुबीत सशांत हे फार लवकर होतं. पोट-आतडी अशी थंडावण्याला डॉक्टर जीआय स्टॅसिस म्हणतात. बारा तास काही खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ समजतात. मी तेवढीही वाट पाहू नका म्हणेन. रात्रीचं गवत तसंच पडलंय आणि सकाळी ट्रेमध्ये लेंड्या नाहीत, एवढं दिसलं की फोन उचला.

फोन लावायच्या आधी दोन मिनिटं मात्र सशाला द्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. नुसतं बघा. अंग चोरून, पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून बसलाय का? दात खातोय का? लाड केल्यावर ससे हलकेच दात वाजवतात, ते वेगळं. दुखण्याचं दात खाणं मोठ्याने ऐकू येतं आणि तेव्हा अंग ताठ असतं. सारखा बसण्याची जागा बदलतोय, पोट जमिनीला टेकवतोय, हेही दुखण्याचंच लक्षण. हनुवटी आणि गळ्याखालची लव ओली असेल तर दातांचा संशय घ्या. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि आतल्या दाढांना टोकं येऊन जिभेला नाहीतर गालाला टोचतात. असा ससा वाडग्यापाशी येतो, वास घेतो, तोंडात धरतो आणि टाकून देतो. त्याला भूक आहे, चावता येत नाही. समोरचे दोन दात छान दिसतात म्हणून दाढा ठीक आहेत असं समजू नका.

मग पोटाला हात लावा, हळू. मऊ असेल, कणकेच्या गोळ्यासारखं दाबलं जात असेल, तर थोडा अवधी आहे. पोट टम्म फुगलंय, बरगड्यांच्या मागे कडक लागतंय आणि ससा अचानक मलूल झालाय, तर तोंडाने काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, पेज नाही, पोट चोळणंही नाही. आत अडथळा असू शकतो आणि त्यावर भर घातली की पोट आणखी ताणतं. पिंजऱ्यात घाला आणि निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

शेवटी कान बघा. कान गार पडलेत आणि अंगही गार, तर शरीराचं तापमान उतरलंय. सशाचं तापमान साधारण १०१ ते १०४ फॅरनहाइट असतं आणि १०० च्या खाली जाणं हे धोक्याचं. थर्मामीटर गुदद्वारातून लावावा लागतो. कुणी शिकवलेलं नसेल तर त्या फंदात पडू नका. ससा जोरात मागची लाथ मारतो आणि त्या झटक्यात त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो. अंदाजाला कान पुरेत.

गार असेल तर भरवण्याआधी ऊब. गारठलेल्या सशाची आतडी हलत नाहीत, त्यामुळे भरवलेलं तसंच पडून राहतं. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. एप्रिल-मेमध्ये मात्र उलटं असू शकतं. कान तापलेत, श्वास धापा टाकल्यासारखा चाललाय, नाकाभोवती ओलं आहे, तर त्याला उष्मा लागलाय. तीस अंशांच्या आसपासच सशाला जड जायला लागतं आणि आपल्याकडे पत्र्याखालची गॅलरी दुपारी कुठल्या कुठे जाते. कान साध्या गार पाण्याने ओले करा, पंख्याखाली फरशीवर ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुचकळू नका. त्या धक्क्यानेही ससे जातात.

आता काय द्यायचं नाही ते, कारण दुकानात माझा सगळा वाद यावरच होतो. ग्राइप वॉटर नाही. एरंडेल नाही. पोटावर हिंगाचा लेप नाही, तो बाळ चाटत नाही पण ससा सगळा चाटून काढतो. केळं, बिस्किट, साखरपाणी, "निदान काहीतरी पोटात जाऊ दे" म्हणून नको. गोड आणि पिठूळ खाण्याने आत वायू वाढतो आणि वाईट जिवाणू माजतात. अननसाच्या रसाने पोटातले केस विरघळतात असं अजूनही सांगितलं जातं. विरघळत नाहीत. अंग चाटणाऱ्या सशाच्या पोटात थोडे केस असतातच. आतडी चालू असतात आणि पाणी पुरेसं असतं तेव्हा ते लेंडीतून निघून जातात. पोटातलं पाणी आटल्यावर त्यांचा गठ्ठा होतो. म्हणजे बहुतेक वेळा गठ्ठ्याने पोट बंद पडलेलं नसतं, पोट बंद पडल्याने गठ्ठा झालेला असतो.

सगळ्यात धोक्याची आहे घरातल्या कुणाची तरी उरलेली अँटिबायोटिक. अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं सशाला तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यातून जिवावर बेततं. माणसाची दुखण्याची गोळी चतकोर करून देणं हाही तोच प्रकार. वेदनाशामक सशाला लागतं, नक्की लागतं, दुखणं थांबल्याशिवाय तो तोंड उघडणार नाही. पण औषध कोणतं आणि वजनाप्रमाणे किती, हे डॉक्टर लिहून देतील. बहुतेक वेळा चिठ्ठीवर मेलॉक्सिकॅम येतं.

डॉक्टर शोधणं हा आपल्याकडचा खरा डोंगर. गाईगुरांचे आहेत, कुत्र्यामांजरांचे आहेत, सशाची दाढ बघणारा सापडायला वेळ लागतो. म्हणून ससा ठणठणीत असतानाच तीन नंबर शोधून फ्रिजवर चिकटवा. फोनवर सरळ विचारा, ससे बघता का, दाढा तपासायचं साधन आहे का, रात्री कोण असतं. मुंबईत परळला बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आणि त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्यापूर्वी त्यांनाही फोन कराच. जाताना शेवटच्या दिवसाच्या लेंड्या एका डबीत घ्या, खाण्याचा नमुना घ्या आणि जोडीदार ससा असेल तर तोही बरोबर न्या. एकट्याने प्रवास केलेला ससा दवाखान्यात आणखी आक्रसतो आणि घरी राहिलेला परत आलेल्याला ओळखत नाही.

तिथे ते पोट चाचपतील, तोंडात बघतील, बहुधा एक्स-रे काढतील. कातडीखाली सलाईन देतील. सशाच्या पाठीवर त्याचं टेंगूळ उभं राहिलेलं बघून घाबरू नका, काही तासांत जिरतं. काही डॉक्टर कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघतात. घाबरल्याने सशाची साखर थोडी चढतेच, पण ती ३६० मिलिग्रॅमच्या वर गेली तर साध्या स्टॅसिसपेक्षा अडथळ्याची शंका बळावते. तुमच्या डॉक्टरांनी नसेल बघितली तर विचारायला हरकत नाही. आतडी हलवणारं औषधही अडथळा नाही अशी खात्री झाल्यावरच देतात. आणि भूल द्यायची वेळ आली तर "रात्रभर उपाशी ठेवा" ही सूचना सशाला लागू नाही. तो उलटी करूच शकत नाही, त्यामुळे कुत्र्याचा नियम त्याच्यावर चालवायचं कारण नाही.

अडथळा नाही असं कळलं की भरवणं तुमच्याकडे येतं. सशांसाठी खास पावडर मिळते, क्रिटिकल केअर नावाची, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कोमट पाण्यात कालवायची. मिळाली तर उत्तम. पण ती ऑनलाइन मागवून येईपर्यंत ससा थांबत नाही, म्हणून पेलेटची, म्हणजे गवत दाबून केलेल्या तयार खाद्यगोळ्यांची, पेज करायला शिकून ठेवा. नेहमीचे गवताचे पेलेट, दाणे आणि रंगीत तुकडे नसलेले, मिक्सरमध्ये कोरडेच बारीक करा. कोमट पाणी घालून दहा मिनिटं फुगू द्या. मग आणखी पाणी घालून चहाच्या गाळणीतून काढा. ताकापेक्षा घट्ट, पिठल्यापेक्षा सैल. पाच किंवा दहा मिलिची सिरिंज घ्या, सुई अर्थातच काढून. टोक बारीक असल्याने पेज अडकते, ते कापून कड नेलफाइलने गुळगुळीत करा.

ससा टॉवेलात गुंडाळा, चारही पाय आत, डोकं बाहेर. मांडीवर किंवा टेबलावर, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. बाळासारखा उताणा धरायचा नाही, पेज श्वासनलिकेत जाते. पुढच्या दातांच्या मागे, दाढांच्या आधी, बाजूला मोकळी जागा असते. सिरिंज तिथून आडवी घाला, घशाच्या दिशेने सरळ नको. एका वेळी एक मिलि सोडा. थांबा. तो चावेल, गिळेल. गिळल्याशिवाय पुढचं नाही. धडपडला तर सोडून द्या आणि दहा मिनिटांनी या. दिवसभरात किलोमागे साधारण ५० मिलि, चार-पाच वेळांत वाटून, हा ढोबळ हिशेब. म्हणजे दोन किलोच्या सशाला एका वेळी वीसेक मिलि. पहिल्या वेळी त्याचा पाव भागही पुरे. नाकातून पेज आली किंवा खोकला तर तिथेच बंद. फुप्फुसात गेलेली पेज भुकेपेक्षा वाईट.

मधल्या वेळात त्याच्यासमोर मोह मांडून ठेवा. पाणी उथळ वाडग्यात, बाटलीपेक्षा वाडग्यातून ससे जास्त पितात. कोथिंबीर आणि पुदिना धुवून तसाच निथळता ठेवा, पानावरचं पाणीही पोटात जातं. काडी ओठाला लावली की कधीकधी सवयीने ओढली जाते. आमच्या ठकीला दूर्वा लागतात. फुलबाजारातल्या जुड्या आणते, फवारणीची शंका असते म्हणून दोनदा धुते. पोट मऊ असेल तर त्याला जमिनीवर मोकळं सोडा, चार उड्या मारल्या तरी आतड्यांना मदत होते.

पहिल्या लेंड्या येतील त्या बारीक, काळ्या, वेड्यावाकड्या, कधी केसांनी माळेत ओवलेल्या. घरात आनंद होईल, सासूबाई देवापाशी साखर ठेवतील, ठीक आहे. भरवणं मात्र थांबवू नका. तो स्वतः गवत खातो, लेंड्या पुन्हा गोल आणि मोठ्या होतात, तोवर सिरिंज चालू. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या वजनकाट्यावर वजन करा. लव फुगलेली असते, डोळ्याला घट कळत नाही.

मग मुळाशी या. फटाके, घरबदल, नवीन कुत्रा, जोडीदाराचं जाणं यांनीही पोट बसतं, पण आपल्याकडे बहुतेकदा कारण वाडग्यातच असतं. गाजर, पोळी, हरभरा, रंगीत दाण्यांचं खाद्य, आणि गवत "मिळत नाही म्हणून" नाहीच. मोठ्या सशाच्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त गवत हवं, चोवीस तास समोर. टिमोथी, म्हणजे सशांसाठी विकत मिळणारं परदेशी वाळलेलं गवत, महाग पडतं हे खरं. नुसत्या लसूणघासावर मात्र भागवू नका. त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, ते सहा महिन्यांखालच्या पिल्लांना चालतं, मोठ्यांना चिमूटभर. टिमोथी थोडं आणि हरळी किंवा फवारणी नसलेलं साधं वाळलेलं गवत बरंचसं, असं मी चालवते. पावसाळ्यात गवताला ओल धरते. प्लॅस्टिकची पिशवी बंद करून ठेवू नका, सुती पिशवीत टांगा, ऊन पडलं की पसरा. कुबट वास आला तर ते गवत टाकून द्या, कितीही महागाचं असलं तरी. बुरशीचं गवत खाऊन पुन्हा पोट बसलं तर त्या पैशात दवाखान्याची एक चक्करसुद्धा होत नाही.