जुनी डबलबारी ऐकायची कशी

कणकवलीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी भरून ठेवलेल्या डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, कॅसेटी घेऊन पोरं येतात आणि मागणी एकच: "काका, खरखर तेवढी काढा." काढीन रे, पण झांजही तिच्याबरोबर जाईल. टेपची सळसळ आणि झांजेची झणझण दोन्ही वरच्या पट्टीत. एकीला कात्री लावली की दुसरीलाही लागते.

तर आधी यंत्र बघा. आपल्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरतेच. टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती लावू नका. नसतील तर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा आणि कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. बास-बूस्ट बंद. हेडफोनही नको, मोनो आवाज डोक्याच्या मधोमध अडकून बसतो. एकच स्पीकर खोलीत समोर ठेवा.

आता बुवांचं गाणं सोडा, पखवाज ऐका. नुसती थाप येते आणि डाव्या पुडीचा घुमारा गायब? मग टेप रेकॉर्डर भोंग्यासमोर ठेवून भरलेली असणार, भोंग्यातून खालचे सूर येतच नाहीत. घुमारा आहे, बुवा लांब आहेत आणि खोकला मात्र कानाशी आहे, तर भरणारा श्रोत्यांत बसला होता. मला ही दुसरी जात जास्त आवडते. बारी कशी रंगली ते तिच्यातच कळतं.

खरी गंमत गजरात. लय चढते, कोरस उठतो, चकवा हे तालवाद्य कडाडतं, आणि नेमके तेव्हाच बुवा मागे सरकल्यासारखे वाटतात. ते जागचे हललेले नसतात. साध्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप ठरते. मोठा आवाज आला की रेकॉर्डर सगळंच खाली दाबतो. गजर तुटला की पातळी हळूहळू वर येते, आणि तिच्याबरोबर रातकिडे, पोरांची कुजबुज, कुणाचं तरी "वायच सरक रे". ती दोन-चार सेकंदं कान देऊन ऐका. स्टुडिओतल्या कॅसेटीत हे मिळायचं नाही; तिथे सगळं कसं धुऊन इस्त्री केलेलं.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीचं गणित निराळं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, म्हणून गाणारा आलाप आवरता घेतो. १९२५च्या आधीची असेल तर माईकच नाही, गाणारा कर्ण्यात तोंड घालून गायचा. तिथे बारकावे शोधू नका, गळ्याची ताकद ऐका.

पेटीचा सूर तुमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच पडत असेल तर टेपची गती तपासा. मात्र जुनी पेटीही उतरलेली असू शकते. बोलणं ऐका, बुवा चिरक्या आवाजात भरभर बोलत असतील तर दोष मोटरचाच.

कॉम्प्युटरवर घेताना पहिली प्रत काहीही साफ न करता ठेवा. सुरुवातीचं "हॅलो, माईक टेस्टिंग"सुद्धा कापू नका.