लेक जर्मनीत, खर्च तिचा: आईबाबांच्या व्हिसाच्या फाइलची तयारी

लेकीला भेटायला जाणाऱ्या आईबाबांच्या व्हिसाच्या फाइलचा पहिला कागद जर्मनीत तयार होतो, म्हणून सुरुवात लेकीने करायची. ती राहते त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहर्डेत, तिने आधी अपॉइंटमेंट घ्यावी. तिथे जे हमीपत्र मिळतं त्याला फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. जीभ अडखळली तरी चालेल, कागद मात्र हाच हवा. साधं 'मी खर्च करते' असं सही करून दिलेलं पत्र त्याची जागा घेत नाही. आईबाबांचं राहणं, दवाखाना, अगदी सक्तीने परत पाठवायची वेळ आली तर तोही खर्च, सगळं या सहीने तिच्यावर येतं. त्यामुळे कार्यालय तिच्या पगारपावत्या, घराचा भाडेकरार आणि रहिवासी परवाना तपासतं. फी 29 युरो. तिची आर्थिक कुवत सिद्ध झाल्याची नोंद त्या कागदावर आली आहे ना, हे तिने खिडकी सोडण्याआधी वाचून घ्यावं. हमीपत्र मुलीचंच हवं असंही नाही. जावई, पुतण्या, मित्र, कोणीही देऊ शकतो. मूळ प्रत कुरिअरने मागवा, स्कॅनवर भागत नाही. आणि सहीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटसाठी बरेच दिवस थांबावं लागतं, म्हणून तिकिटाचा विचार त्यानंतर.

कुरिअर वाटेत असेपर्यंत घरातल्या नावांकडे वळा. आपल्याकडे खरी गुंतागुंत इथेच असते. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव, पासपोर्टवर दुसरं, कारण लग्नात आडनावाबरोबर नावही बदललं होतं. कुठे मधलं नाव वडिलांचं, कुठे नवऱ्याचं, कुठे ते गाळलेलंच. तिकडच्या अधिकाऱ्याला हे आपोआप कळणार नाही. विवाह नोंदणी दाखला, असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद, नाहीतर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर हवंच. बोलावणारा पुतण्या किंवा भाचा असेल तर नात्याची साखळी एक कडी लांबते: त्याचा जन्मदाखला, त्याच्या वडिलांचा किंवा आईचा दाखला, मग तुमचा.

आता तुमचे स्वतःचे कागद. 'खर्च ती करणार, मग आमचं पासबुक कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. हमीपत्र खर्चाचं उत्तर देतं. तुम्ही परत येणार का, याचं उत्तर तुमच्याच कागदांतून द्यावं लागतं, आणि माझ्या मते फाइलचं वजन ठरतं ते इथे. पेन्शन दरमहा जमा होताना दिसणारं तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजा मंजुरीचं पत्र, दुकान असेल तर त्याची नोंदणी. सातबारा लावायला हरकत नाही, पण दरमहा येणारी पेन्शन त्याच्यापेक्षा जास्त बोलते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात लेकीने खात्यात पाच लाख टाकून ठेवू नयेत. अशी एकरकमी भर लगेच डोळ्यात भरते आणि नको ते प्रश्न उभे राहतात.

लेकीच्या निमंत्रणपत्रात तारखा, पत्ता, नातं आणि कोणता खर्च कोण करणार एवढं पुरे. सोबत तिच्या पासपोर्टची आणि परवान्याची प्रत. या पत्रातल्या, अर्जातल्या, विम्यातल्या आणि तिकिटाच्या आरक्षणातल्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. आरक्षणच द्या, पैसे भरलेलं तिकीट व्हिसा हातात आल्यावर.

विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत) चालणारा, पूर्ण मुक्कामाचा. सत्तरी ओलांडलेल्यांना हप्ता जास्त बसतो. बीपी-शुगरसारख्या जुन्या आजारांचं कलम नीट वाचा, तिथे पैसे वाचवू नका. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, शंका आली तर 45 पर्यंत. फी प्रौढांना 90 युरो, शिवाय व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्राचा सेवा आकार. मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायला दोघांनीही जायचं. पूर्वी व्हिसा नाकारला तर नाकारणाऱ्या कार्यालयाकडेच फेरविचार मागता यायचा. 1 जुलै 2025 पासून जर्मनीने ती सोय बंद केली. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनचं प्रशासकीय न्यायालय. म्हणून खिडकीवर जाण्याआधी फाइल एकदा कोणा तिऱ्हाइताला वाचायला द्या. घरच्यांना नात्यातली गफलत दिसत नाही.

व्हिसा लागला की हमीपत्र, विमा आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. विमानतळावरचा अधिकारी तेच कागद मागू शकतो, आणि बॅग तेव्हा पट्ट्यावर फिरत असते.