डोंगरातील घाटरस्त्यांवर मित्रांसोबत दोन दिवसांची मोटारसायकल सफर कशी आखावी

उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी मित्रांसह मोटारसायकलने डोंगरात जाण्याचे बेत बहुधा नकाशावरील अंतर पाहून ठरवले जातात, आणि पहिली चूक तिथेच होते. सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० ते ७० किलोमीटरची सरासरी सहज पडते. घाटात मात्र चढ, वळणे आणि पुढची अवजड वाहने यांमुळे ती निम्म्यावर येते, आणि गटात गाड्या जितक्या अधिक तितका प्रत्येक थांबा लांबतो. म्हणून टप्पे तासांत मोजावेत. दिवसाला प्रत्यक्ष चालवण्याचे पाच ते सहा तास पुरेसे आहेत, आणि तेही गटातील सर्वांत कमी सराव असलेल्या मित्राला झेपतील असेच ठरवावेत. दुसऱ्या दिवशी थकवा साठलेला असतो, त्यामुळे परतीचा टप्पा पहिल्यापेक्षा लहान ठेवणे शहाणपणाचे ठरते.

गाडीची तपासणी निघण्याच्या आदल्या रात्री न करता आठवडाभर आधी करावी, म्हणजे एखादा भाग बदलायचा झाल्यास हाताशी वेळ राहतो. टायरची हवा गाडी थंड असताना भरावी, आणि सामान किंवा मागे माणूस असल्यास कंपनीने भारासाठी दिलेला आकडा पाळावा. चेन फार ताणलेली किंवा फार ढिली नसावी. डोंगरासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे ते ब्रेक ऑइल, आणि नेमके तेच पुष्कळांकडून दुर्लक्षिले जाते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास हे जुने ऑइल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि लिव्हर हँडलपर्यंत दबूनही गाडी थांबत नाही. दोन वर्षांत ऑइल बदललेले नसेल, तर सफरीपूर्वी ते बदलून घ्यावेच.

सामान जड तेवढे खाली आणि गाडीच्या मध्याजवळ बांधावे. पंक्चर किट, हवा भरण्याचा पंप, प्रथमोपचाराची पेटी आणि क्लच व ॲक्सिलरेटरच्या जादा केबल्स प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. कोणाकडे काय आहे हे मात्र सर्वांना माहीत असले पाहिजे.

उन्हाळ्यात पहाटे निघण्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे खालच्या सखल भागातील उष्णता टळते. दुसरे असे, की डोंगराळ भागात तापलेली हवा वर चढून दुपारनंतर गडगडाटी पाऊस येण्याचा संभव अधिक असतो, तेव्हा माथ्यावरचा भाग दुपारपूर्वी ओलांडलेला बरा. दर १,००० मीटर उंचीला तापमान साधारण ६.५ अंशांनी घटते. पायथ्याशी घामाघूम झालेला चालक माथ्यावर ओल्या कपड्यांत कुडकुडू शकतो, म्हणून वाऱ्याला अडवणारा एक थर वरच्या बॅगेत ठेवावा. उकाडा वाटला म्हणून जॅकेट काढू नये. वाऱ्यामुळे घाम लगेच सुकतो आणि शरीरातील पाणी किती कमी झाले ते कळत नाही, म्हणून दर तासाला थांबून, तहान नसली तरी पाणी प्यावे.

आता गटाने चालवण्याविषयी. माझ्या मते अशा सफरीतील खरा धोका मागे पडण्याच्या भीतीतून येतो. पुढचा मित्र वळणाआड दिसेनासा झाला की मागचा आपल्या कुवतीपलीकडे वेग वाढवतो, आणि तोच वेग त्याला पुढच्या वळणात भारी पडतो. ही भीती उपदेशाने जात नाही. त्यासाठी व्यवस्था लागते. सर्वांत पुढे रस्ता जाणणारा आणि सर्वांत मागे अनुभवी असे दोन चालक दिवसभरासाठी ठरवून टाकावेत. जिथे रस्ता फुटतो तिथे पुढच्याच्या लगेच मागे असलेल्याने सुरक्षित, लांबून दिसेल अशा जागी थांबून वळण्याची दिशा दाखवावी आणि शेवटचा चालक येईपर्यंत तिथून हलू नये; तो आल्यावर त्याच्या पुढे रांगेत शिरावे. अशा रीतीने प्रत्येकाची पाळी येते, कोणीही हरवत नाही आणि प्रत्येकजण आपापल्या वेगाने निश्चिंतपणे चालवू शकतो. सरळ रस्त्यावर तिरपी रांग, म्हणजे एक गाडी लेनच्या डावीकडे तर तिच्या मागची उजवीकडे, चालते, पण वळणे सुरू होताच एकामागे एक यावे आणि दोन गाड्यांत किमान दोन सेकंदांचे अंतर राखावे. पुढच्याने एखादे वाहन ओलांडले म्हणून मागच्याने ओलांडू नये. समोरचा रस्ता स्वतः पाहूनच निर्णय घ्यावा.

वळणात शिरण्याआधीच, गाडी सरळ असताना, वेग कमी करून योग्य गिअर टाकावा. नजर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळताना दिसतात त्या बिंदूवर ठेवावी: तो जवळ येत असेल तर वळण आवळत आहे, तेव्हा वेग कमी करावा, तो दूर सरकू लागला तर वळण उलगडत आहे. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, आणि झुकलेल्या गाडीवरील चालकाचे डोकेही मधल्या रेषेपलीकडे जाणार नाही याची काळजी घ्यावी. कडेच्या दरीकडे किंवा खड्ड्याकडे टक लावल्यास गाडी तिकडेच ओढली जाते. उन्हाने वितळून चकाकणारे डांबर आणि वळणाच्या आतल्या बाजूची बारीक खडी, ही दोन्ही घसरवणारी असल्याने गाडी तेथून शक्य तितकी सरळ न्यावी. उंची वाढली की हवा विरळ होऊन इंजिनची ताकद घटते, साधारण दर १,००० मीटरला दहा टक्के, त्यामुळे भरलेल्या गाडीने चढावर दुसऱ्या वाहनाला ओलांडायला अधिक मोकळा रस्ता लागतो.

उतारावर इंजिन कधीही बंद करू नये आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिनलाच वेग रोखू द्यावा आणि ब्रेक सलग दाबून न ठेवता वेळोवेळी ठामपणे लावून सोडावा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला अवधी मिळतो. लिव्हर मऊ लागू लागला किंवा जळका वास आला, तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक पूर्ण निवेपर्यंत वाट पाहावी. त्यावर पाणी ओतू नये.

थांबण्यासाठी वळणाची जागा कधीच निवडू नये. उतारावर गाडी उभी करताना तोंड चढाकडे ठेवून पहिला गिअर टाकावा, आणि डांबर मऊ झालेले असल्यास स्टँडखाली चपटा दगड द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी टायर, चेन, सामानाचे पट्टे आणि आरशांचे नटबोल्ट पुन्हा पाहून घ्यावेत; कोणाची झोप झाली नसेल तर त्याने तसे स्पष्ट सांगावे आणि बाकीच्यांनी निघण्याची वेळ पुढे ढकलावी.