रेग्युलेटर थरथरतोय? आधी कुठे ते शोधा

पाऊस ओसरून गोव्यात डायव्हिंगचा हंगाम सुरू झाला, की पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच कुणाचा तरी रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासासाठी तोंडापर्यंत आणणारं यंत्र, गुरगुरतो. ग्रँड आयलंडला जाताना होडीवर एका पोराने मला हाक मारली, "दादा, हा बघा, श्वास घेतला की दात वाजल्यासारखे होतात." तोंडातली सेकंड स्टेज उघडून बघावी का, असं तो विचारत होता. मी त्याचा हात धरून टाकीवरच्या फर्स्ट स्टेजवर ठेवला आणि म्हटलं, "आता घे श्वास." काडेपेटीत भुंगा कोंडावा तशी ती धातूची डबी बोटांखाली घुंईघुंई करत होती. थरथर तोंडात जाणवत होती, पण उगम टाकीपाशी होता.

घरातल्या नळाचा वॉशर सैल झाला की नळ अर्धवट सोडल्यावर सगळा पाइप गुणगुणतो. इथेही तसंच होतं. टाकीतली सुमारे 200 बारची हवा फर्स्ट स्टेज साधारण 9 ते 10 बारवर आणते, आणि पुढे सेकंड स्टेज ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाला आणून तुमच्या तोंडात देते. प्रत्येक श्वासाला आतला पिस्टन किंवा पडदा हलतो. पिस्टनच्या ओ-रिंगवर योग्य ग्रीस असेल तर त्याच्या हालचालीला थोडा अडसर राहतो आणि तो उघडून शांतपणे बसतो. ग्रीस वाळलं किंवा मिठाची पुटं चढली, की तो क्षणात कितीतरी वेळा उघड-मीट करू लागतो. पावसाळ्याचे चार महिने पेटीत पडून राहिलेल्या रेग्युलेटरचं नेमकं हेच होतं.

पाण्याखाली सुरू झालं तर

तिथे कारण शोधत बसू नका. ऑक्टोपस (त्याच फर्स्ट स्टेजला जोडलेली जादा सेकंड स्टेज) तोंडात घ्या, बडीला म्हणजे सोबतच्या डायव्हरला खूण करा, टाकीतला दाब दाखवणारा गेज बघा आणि नेहमीच्या वेगाने, वर येतानाचा नेहमीचा सुरक्षेचा थांबा घेऊन वर या. थरथरणारा रेग्युलेटर बहुधा हवा देत राहतो, म्हणून घाबरून झपकन वर येण्याची गरज नसते. पण ती डायव्ह तिथेच संपली असं समजा. "चालतंय ना" म्हणत खाली राहणारे मला अजिबात आवडत नाहीत.

होडीवर किंवा किनाऱ्यावर

टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय ना, हे पहिलं. गेजकडे बघत तीन-चार खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल, तर हवेची वाट कुठेतरी अडली आहे. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल, नाहीतर फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेली बारीक गाळणी बुजली असेल. हवा बंद करून, पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून दाब सोडा, रेग्युलेटर काढा आणि ती गाळणी उजेडात बघा. हिरवी किंवा गंजासारखी तपकिरी दिसली, तर पाणी किंवा टाकीतला गंज आत गेलाय. मग पुढची तपासणी नको, सरळ दुरुस्तीला द्या.

काटा स्थिर असेल तर ऑक्टोपसने श्वास घेऊन बघा. ही सगळ्यात कामाची पायरी आहे आणि तिला एकही अवजार लागत नाही. दोन्हींवर थरथर आली तर संशय फर्स्ट स्टेजवर. एकावरच आली तर बहुधा ती सेकंड स्टेज किंवा तिची नळी. बडीला फर्स्ट स्टेजवर बोटं ठेवायला सांगा, म्हणजे खात्री होते.

सेकंड स्टेजचा संशय असेल तर आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, हे नीट ऐका. सोडताना फडफड होत असेल तर बाहेर जाणाऱ्या हवेची रबरी चकती बघा. एकदा मला तिच्या कडेखाली वाळूचा एकच कण सापडला होता, तेवढ्याने कड उचलली गेली होती. गोड्या पाण्याने धुतल्यावर फडफड गेली. श्वास घेताना भोंग्यासारखा आवाज येत असेल आणि बाजूला श्वासाचा जोर कमी-जास्त करायची कळ असेल, तर ती थोडी फिरवा. आवाज बदलला किंवा थांबला, तर दोष सेकंड स्टेजमध्येच असण्याची शक्यता जास्त.

काही रेग्युलेटर फक्त हवेत, टाकी भरलेली असताना, जोरात ओढल्यावरच गुणगुणतात आणि पाण्यात गप्प होतात. पाणी त्यांची थरथर दाबून टाकतं. हा दोष सहसा किरकोळ असतो, तरी मी तो तंत्रज्ञाला दाखवल्याशिवाय सोडत नाही.

बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या, नळीला लावायचा मधल्या दाबाचा (फर्स्ट स्टेज देते त्या दाबाचा) छोटा गेज मिळतो, तो जरूर घ्या. श्वास घेतल्यावर काटा खाली जाऊन आपल्या आकड्यावर घट्ट बसला पाहिजे. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. काटा हळूहळू वर चढत राहिला तर फर्स्ट स्टेजमधली हवा अडवणारी सीट झिजलीय. श्वास घेताना काटा धूसर दिसेल इतका थरथरला, तर फर्स्ट स्टेजच्या निदानाला पुरावा मिळाला.

तेल घालू नका

हे मी हात जोडून सांगतो. खोबरेल तेल, व्हॅसलीन, गंज सोडवायचा फवारा, काहीही आत सोडू नका. पेट्रोलियमची तेलं रबर फुगवतात, आणि दाबाखालच्या हवेत तेल पेटू शकतं. ऑक्सिजन जास्त असलेलं मिश्रण वापरत असाल तर धोका आणखी वाढतो. त्यातून त्याची वाफ थेट फुप्फुसात जाते. फर्स्ट स्टेज घरी उघडूही नका. ती साफ करून ओ-रिंग बदलणं आणि नेमून दिलेलं ग्रीस लावणं, हे प्रशिक्षित हाताचं काम.

देताना सोबत चिठ्ठी द्या: टाकीत किती बार होते, किती खोल होतात, श्वास घेताना की सोडताना, एका तोंडावर की दोन्ही. "आवाज येतो" एवढंच सांगितलं तर कारागिराच्या टेबलावर तो आवाज येईलच असं नाही.

सर्व्हिसिंग मेअखेरीस करून घेणारे बरेच आहेत. मी मात्र सप्टेंबरात करतो, म्हणजे ताजं ग्रीस चार महिने निजून राहत नाही. मेअखेरीस फक्त धूळझाकण घट्ट बसवून गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवायचा, पर्ज न दाबता, कारण दाबलं तर पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं. मग सावलीत खडखडीत वाळवायचा आणि नळ्या न मुडपता सैल गुंडाळून ठेवायचा. सप्टेंबरात परत आला की पहिला श्वास होडीवर नको, घरीच, भरलेली टाकी लावून घ्या, एक हात फर्स्ट स्टेजवर ठेवून.