एलएनजीत यायचंय? मग नुसतं एलएनजी शिकू नका

केमिकल, मेकॅनिकलची पोरं हल्ली हमखास विचारतात, दादा गॅसचं पुढे काय, वीस वर्षांनी हे फील्ड राहील का. मी एलएनजीत, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूत, लिक्विफॅक्शनच्या (वायूचा द्रव करायच्या) प्रोसेस साइडला आहे, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी धरा, पण गॅसचं काय व्हायचं ते होवो, वायू थंड करून द्रव करायची विद्या वाया जात नाही.

नैसर्गिक वायूतला मुख्य घटक मिथेन उणे 162 डिग्रीला द्रव होतो, आकारमान जवळपास 600 पटीने कमी होतं, म्हणून जहाजात भरता येतो. पण खरं डोकं जातं ते थंड करायच्या आधीच्या सफाईत. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) 50 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 50 भागांच्या, वर राहिला तर आत गोठून पाइप चोंदतात, पाणी 1 पीपीएमच्याही खाली आणायचं, आणि पारा तर नावालासुद्धा नको कारण वायू थंड करणारा मेन एक्स्चेंजर अल्युमिनियमचा असतो आणि पारा तो खातो. नवीन पोरांना सगळ्यांना कंप्रेसरवर जायचं असतं, मी म्हणतो आधी सीओटू काढणारं अमाइन आणि पाणी शोषणारं मोल सिव्ह बघा. आणि कूलडाऊनला, म्हणजे प्लान्ट हळूहळू थंड करताना, कंट्रोल रूममध्ये उभं राहायला मिळालं तर जेवण सोडा पण ते सोडू नका, तासाला किती डिग्री उतरतंय ह्यावरच सगळ्यांची नजर, घाई केली की धातू वेडावाकडा आक्रसतो आणि मग गळती शोधत बसा.

आता पुढचं. हायड्रोजन द्रव करायला उणे 253 लागतात, तिथे हवासुद्धा गोठते म्हणून व्हॅक्यूम इन्सुलेशन, वर ऑर्थो-पॅरा (हायड्रोजन रेणूची दोन रूपं) रूपांतरासाठी कॅटलिस्ट, आणि आजच्या प्लान्टमध्ये किलोमागे 10 युनिटच्या वर वीज, म्हणजे हायड्रोजनमधल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा. 2022 मध्ये सुइसो फ्रंटियर हे जहाज ऑस्ट्रेलियातून जपानला द्रव हायड्रोजन घेऊन गेलं खरं, पण एलएनजीसारखा रोजचा व्यापार व्हायला वेळ आहे, उगाच हवेत जाऊ नका.

मला जास्त दम वाटतो तो सीओटूत. एलएनजीत तो शत्रू, कार्बन साठवणीत, म्हणजे सीओटू जमिनीखाली गाडण्यात, तोच माल. फक्त साधारण 5 बार दाबाच्या खाली तो द्रव होतच नाही, सरळ कोरडा बर्फ, त्यामुळे टाक्या प्रेशरच्या लागतात, नॉर्वेत नॉर्दर्न लाइट्स ह्या सीओटू साठवण प्रकल्पाची जहाजं तशीच आहेत. हेलियमही विसरू नका, कतारमध्ये एलएनजी करताना जो द्रव न होणारा वायू उरतो त्यातूनच तो काढतात.

आपल्याकडे दाभोळ, दहेज ही टर्मिनल्स उलटं काम करतात, द्रवाचा परत गॅस. लिक्विफॅक्शन फार थोडं, मध्य प्रदेशात विजयपूरला गेल ह्या सरकारी गॅस कंपनीने 2024 मध्ये छोटा प्लान्ट सुरू केला. ट्रकसाठी एलएनजी आणि शेणाकचऱ्याच्या बायोगॅसपासून एलएनजी, ह्यात छोट्या प्लान्टांना जागा आहे असं मला वाटतं. पण मिथेन निसटला तर 20 वर्षांच्या हिशोबात सीओटूच्या 80 पट तापवतो, त्यामुळे लीक पकडणारी माणसंही लागणारच.

कॉलेजात असाल तर थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्सफर कच्चं ठेवू नका, हायसिस ह्या प्रोसेस सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर एक साधी मिक्स्ड रेफ्रिजरंट सायकल (मिश्र वायूंनी थंड करायची) स्वतः बसवून बघा. कन्व्हर्ज होणार नाही, म्हणजे गणित जुळणार नाही, वैताग येईल, पण सीव्हीवर पाच सर्टिफिकेटं लावण्यापेक्षा इंटरव्ह्यूत त्यावर बोलायला जास्त सापडतं.