स्वतःच्या वेब सर्व्हरसाठी डेबियनची शाखा निवडण्याआधीची तयारी

सर्व्हर भाड्याने घेण्याआधी एका कागदावर त्यावर काय काय चालवायचं आहे ते आवृत्तीच्या आकड्यासकट लिहून काढा. वर्डप्रेस असेल तर पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस, स्वतः लिहिलेलं काही असेल तर पायथन ही भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. मग तो कागद डेबियन या लिनक्स प्रणालीच्या शाखांशी, म्हणजे तिच्या आवृत्त्यांशी, ताडून बघा. डेबियन १२, म्हणजे बुकवर्ममध्ये, पीएचपी ८.२, मारियाडीबी १०.११, पोस्टग्रेस १५ आणि पायथन ३.११ मिळतं. डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सीमध्ये, हेच आकडे ८.४, ११.८, १७ आणि ३.१३ असे आहेत. एखादी जुनी थीम पीएचपी ७.४ वरच चालत असेल, तर तिच्यासाठी डेबियन ११ पकडून बसू नका. त्या शाखेचा वाढीव आधारही, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची मुदत, ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतचाच आहे. आधी थीम बदला, मग सर्व्हर घ्या.

कागदावर दुसरी नोंद तारखांची करा. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला साधारण ३ वर्षं पूर्ण आधार मिळतो आणि त्यानंतर २ वर्षं एलटीएसचा, म्हणजे दीर्घ मुदतीचा वाढीव आधार. बुकवर्म १० जून २०२३ ला आलं, त्याचा पूर्ण आधार जून २०२६ पर्यंत आणि एलटीएस ३० जून २०२८ पर्यंत. ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, त्याचे टप्पे ऑगस्ट २०२८ आणि जून २०३०. एलटीएस वेगळा गट सांभाळतो आणि त्यात प्रत्येक पॅकेज (बसवायच्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) येतंच असं नाही. ‘डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट’ हे पॅकेज टाकलं की आपल्या यंत्रावरच्या कोणत्या पॅकेजचा आधार संपला ते कळतं. नवा सर्व्हर उभा करताना म्हणूनच ट्रिक्सी घ्यावं.

टेस्टिंग, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या, शाखेचा मोह अनेकांना होतो, कारण तिथे सगळं नवं असतं आणि घरच्या लॅपटॉपवर ती छान चालते. इंटरनेटला उघड्या असलेल्या यंत्रावर मात्र ती घेऊ नका. अनस्टेबल या सर्वात नव्या शाखेत आलेलं पॅकेज काही दिवस थांबून, गंभीर दोष निघाला नाही तरच टेस्टिंगमध्ये उतरतं. सुरक्षा दुरुस्तीही बहुधा याच वाटेने येते. वाटेत एखादी लायब्ररी बदलाच्या मध्यावर अडकली, की दुरुस्तीही तिच्यामागे रांगेत उभी राहते. भोक जगजाहीर झालेलं असतं आणि आपला सर्व्हर तसाच उघडा असतो. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाचं प्रकरण तर सर्वांना आठवत असेल. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या सोयीच्या) वाटेने आत शिरण्याचं चोरदार पेरलेलं होतं. ती पॅकेजं टेस्टिंग आणि अनस्टेबलपर्यंत पोचली होती, बुकवर्मपर्यंत नाही.

पण स्थिर शाखाही चुकते. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या कर्नलमधल्या (प्रणालीच्या गाभ्यातल्या) दोषाने एक्स्ट४ फाइल सिस्टीमवरचा डेटा बिघडू शकत होता. म्हणून बुकवर्मची १२.३ ही दुरुस्त आवृत्ती थांबवून थेट १२.४ काढावं लागलं. शाखा कोणतीही असो, बॅकअप दुसऱ्या यंत्रावर हवा आणि तो एकदा तरी परत उतरवून पाहिलेला हवा.

स्थिर शाखेत आवृत्तीचा आकडा गोठलेला असतो, हे आधीच समजून घ्या. दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत मागे आणून बसवली जाते. बुकवर्ममधला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर शेवटपर्यंत १.२२ च दाखवेल. बदल दिसतो तो पॅकेजच्या शेपटीत, ‘डेब१२यू’ नंतरच्या आकड्यात. केवळ मुख्य आकडा वाचणारी तपासणी साधनं यावर ‘जुनं, धोकादायक’ असा शेरा मारतात. घाबरून बाहेरची रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) जोडण्याआधी ‘ॲप्ट चेंजलॉग’ने नोंद वाचा. खरोखरच नवं काही हवं असेल तर बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्थिर शाखेसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून, तेवढं एकच पॅकेज घ्या. मात्र त्याच्या सुरक्षेची जबाबदारी स्थिर शाखेचा सुरक्षा गट घेत नाही.

पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये ‘स्टेबल’ असा शब्द कधीही लिहू नका, ‘ट्रिक्सी’ लिहा. ‘स्टेबल’ हा फिरता फलक आहे. पुढची आवृत्ती निघाली की त्याच नावाखाली ती येते, आणि नेहमीचं अपग्रेड समजून तुम्ही अख्खी शाखाच बदलून बसता. त्याच फाइलमध्ये ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’ आणि ‘ट्रिक्सी-अपडेट्स’ आहेत ना, तेही बघा. भाड्याच्या यंत्रावरच्या तयार प्रतीत काहीही असू शकतं.

यंत्राचीही खातरजमा करा. ३२-बिट जुन्या पीसीवर ट्रिक्सी बसत नाही, कारण त्या प्रोसेसरसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं बंद झालं आहे. ट्रिक्सीत टेम्प डिरेक्टरी (तात्पुरत्या फाइलींची जागा) मुळातच मेमरीत जाते आणि अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकते. ५१२ एमबीच्या सर्व्हरवर मोठी फाइल अपलोड करताना हे अंगाशी येतं. तिथे ‘टेम्प.माउंट’ मास्क करून, म्हणजे कायमचं बंद करून, ती डिस्कवर न्या. बूट विभाजन वेगळं असेल तर ७६८ एमबीचं ठेवा.

‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ पहिल्याच दिवशी चालू करा. ते दुरुस्ती बसवतं, पण सांगितल्याशिवाय यंत्र रीबूट करत नाही. म्हणजे नवं कर्नल डिस्कवर आणि जुनंच चालू. काय पुन्हा सुरू करायला हवं ते सांगणारं ‘नीडरीस्टार्ट’ टाका आणि महिन्यातून एक रात्र रीबूटसाठी राखून ठेवा.

शाखा बदलण्याची तारीख आधार संपण्याच्या ३ महिने आधीची लिहा. मधली आवृत्ती वगळता येत नाही: ११ वरून १२ आणि मग १३. नव्या शाखेची पहिली दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत थांबलं तर बरं. ट्रिक्सीची १३.१ महिन्याभरातच, ६ सप्टेंबर २०२५ ला आली. सुरुवातीला जुनी शाखा पूर्ण अद्ययावत करा, स्नॅपशॉट (यंत्राची त्या क्षणाची प्रत) घ्या, बाहेरच्या रिपॉझिटऱ्या बंद करा आणि सगळं टीमक्स या जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये चालवा, नाहीतर जोडणी तुटली की काम अर्ध्यावर राहील. नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं. म्हणून पुरवठादाराच्या वेब कन्सोलचा पासवर्ड आधी चालवून बघा. मारियाडीबी अपग्रेडआधी नीट बंद झालेली हवी.

यानंतर साइट उघडली आणि ५०२ ही सर्व्हरची चूक दिसली तर घाबरू नका. एनजिनएक्सच्या फाइलमध्ये बहुधा अजून पीएचपी ८.२ च्या सॉकेटचा (जोडणीच्या फाइलचा) मार्ग असतो, तो ८.४ करा. पोस्टग्रेसचा डेटा आपोआप पुढे सरकत नाही. १७ चा रिकामा क्लस्टर (डेटाबेसांचा संच) ५४३३ पोर्टवर तयार होतो आणि ॲप १५ लाच चिकटलेलं राहतं. तो रिकामा क्लस्टर काढून ‘पीजी-अपग्रेडक्लस्टर’ने १५ पुढे न्या. जुना क्लस्टर बंद अवस्थेत शिल्लक राहतो. साइटची सगळी पानं आणि रात्रीचा नवा बॅकअप तपासल्याशिवाय तो पुसू नका.