पाय गमावून परतलेल्या जवानाच्या घरी पहिले काही महिने

वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात १९४४ पासून लष्करातल्या जखमींना हात-पाय बसवून मिळतात. वहिनी, पाय तिथे मिळेलच, पण तो रोज घालता येईल की कपाटाशेजारी पडून राहील, हे बरंचसं घरी स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, कसा सांभाळला जातो त्यावर ठरतं.

टाके भरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की बांधणी सुरू करा. गुडघ्याखाली कापलेल्या पायाला ४ इंची क्रेप बँडेज, मांडीतून कापला असेल तर ६ इंची. पट्टा तिरका, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. टोकाला घट्ट, वर जाताना सैल. घाईत सरळ गोल वेढे मारले जातात आणि तिथेच घोटाळा होतो. वरचा वेढा आवळला की खाली सूज साचते, टोक फुग्यासारखं होतं आणि मग सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंप आत बसणारी वाटी, बसत नाही. दर चार ते सहा तासांनी सोडून कातडी बघा आणि परत बांधा. टोक निळसर पडलं किंवा ठणका लागला तर वेळेची वाट न बघता सोडा. बँडेज हाताने धुवा, पिळू नका, दोरीवर लटकवू नका. वजनाने ताणून त्याचा जोर जातो. टॉवेलवर आडवं पसरून सावलीत वाळवा. दोन-तीन बँडेज हाताशी असली की बरं.

गुडघ्याखाली उशी देऊ नका. सासूबाई मायेने देतात, त्यांनाही पाय टेकवून बरं वाटतं, पण काही आठवड्यांत गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कृत्रिम पायावर सरळ उभं राहता येत नाही. खुर्चीत बसताना स्टंपखाली फळी ठेवून पाय सरळ ठेवा. दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं पालथं झोपवा.

नसलेल्या पायाची बोटं खाजतील, टाच जळेल. हे भास नव्हेत आणि वेड तर नाहीच. कापलेल्या नसा आणि मेंदू अजून जुनाच हिशेब चालवत असतात. टॉवेलने हलकं घासणं, बोटांनी टकटक करणं याने उतार पडतो. दोन पायांच्या मधे उभा आरसा ठेवून त्यात दिसणारा धडधाकट पाय दहा-पंधरा मिनिटं हलवणं हाही एक उपाय आहे. नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, दुकानातल्या गोळीवर भागवू नका.

अर्धवट झोपेत पाय आहे असं समजून माणूस उठतो आणि तोंडावर पडतो. रात्री बारीक दिवा चालू, कुबड्या हाताच्या अंतरावर.

कृत्रिम पाय आल्यावर स्टंप रात्री धुवा. सकाळी धुतला की ओली कातडी मऊ पडते आणि सॉकेटमध्ये सोलते. दिवसभरात स्टंप आक्रसतो, कृत्रिम पाय सैल वाटला की स्टंपवर एक मोजा वाढवायचा. पाय काढल्यावर लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही तर त्या दिवशी पाय बंद. पुण्यात जुलैत मोजे वाळत नाहीत. सहा जोड्या तरी लागतातच. दमट मोजा घातला की बुरशी आलीच.

जखम मनालाही झालेली असते. झोपेतून उठवताना हलवू नका. हातभर लांब उभं राहून ‘अहो’ अशी हाक मारा. ढोल-ताशा आणि फटाक्यांची वेळ आधी सांगून ठेवा. अचानक आलेला आवाज जास्त बाधतो. रमने झोप लागते, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते. दचकणं, चिडणं, तीच स्वप्नं महिन्याहून जास्त टिकली तर मनोविकार विभागात न्या. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. मरणाची भाषा निघाली तर परवान्याचं हत्यार घराबाहेर, आणि डॉक्टर त्याच दिवशी.

कागदांत मेडिकल बोर्डाचा अहवाल आणि जखमेची नोंद यांच्या तीन-तीन प्रती काढा. जखम युद्धातली म्हणून नोंदली आहे का, ते वाचून घ्या. पेन्शन त्यावर ठरतं. सेवापुस्तकातलं पत्नीचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच हवं. फरक असेल तर जवानाच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला आत्ताच अर्ज द्या. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

आणि वहिनी, तुम्हालाही झोप मिळावी म्हणून आठवड्यातल्या दोन रात्री त्यांच्या खोलीत दीर किंवा सासरे झोपतील, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका.